गेम बनवण्याचं काम नेमकं काय असतं? (पुण्यातल्या स्टुडिओंमधून)

मृगजळ
शनिवार, रात्री १०.१२

इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं, "मुलाला गेमिंगमध्ये जायचंय, स्कोप आहे का?" आणि प्रतिसादांत गेम खेळणं, गेम बनवणं, ऑनलाइन रमी आणि यूट्यूबवरचं स्ट्रीमिंग या चारही गोष्टींची सरमिसळ होते. म्हणून फक्त बनवण्याबद्दल हा वेगळा धागा काढते आहे. या क्षेत्रातले बाकीचेही इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

मी पुण्यात एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहे. गेममधलं पात्र ज्या जगात फिरतं ते उभं करणाऱ्यांपैकी एक. भिंती, दारं, पायऱ्या, झाडं, पावसाने ओला झालेला रस्ता, कोपऱ्यातला कचरा.

एक दारच घ्या. आधी येतं चित्र, म्हणजे कन्सेप्ट आर्ट. त्यावरून मी ब्लॉकआउट करते, म्हणजे मापाला बरोबर असलेला नुसता ठोकळा. पात्र त्यातून जातंय का, कॅमेरा अडकतोय का, हे लेव्हल डिझायनर त्या ठोकळ्यावरच तपासतो. ते ठरलं की हाय पॉली मॉडेल, म्हणजे बारीक त्रिकोणांच्या जाळ्याने घडवलेलं भरगच्च रूप. लाकडाच्या रेषा, खिळे, हात लागून झिजलेली कड, सगळं त्यात येतं. त्यात त्रिकोण लाखांनी असतात, ते गेमला झेपत नाहीत. मग त्याच दाराचं हलकं, लो पॉली रूप बनवायचं. त्याचं यूव्ही उलगडायचं, म्हणजे संत्र्याची साल काढून टेबलावर सपाट पसरावी तसा त्याचा पृष्ठभाग पसरायचा. हाय पॉलीवरचे बारकावे नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचवट्यांचा भास देणाऱ्या चित्रात, बेक करून (उतरवून) या हलक्या रूपावर चढवायचे. सबस्टन्स पेंटर या सॉफ्टवेअरमध्ये रंग, गंज, धूळ. लांबून दिसताना वापरायची आणखी हलकी रूपं, म्हणजे एलओडी. पात्र दारातून आरपार जाऊ नये म्हणून कोलिजन. हे सगळं झालं की दार इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जातं आणि तिथे पहिल्यांदा खऱ्या उजेडात दिसतं. बऱ्याचदा त्यानंतर पुन्हा मागे यावं लागतं.

एवढा खटाटोप का? सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.६ मिलिसेकंद मिळतात. प्रकाश, ॲनिमेशन, फिजिक्स, शत्रूंच्या हालचाली, आवाज, सगळं त्यात बसवायचं. माझ्या दाराच्या वाट्याला जो कण येतो त्यात ते दार देखणं दिसलं पाहिजे. या कामातला हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. इतक्या काटेकोर बंधनात सुंदर काहीतरी बसवण्याचं समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नसतं.

आता पुण्याबद्दल. भारतात हे काम धंदा म्हणून रुजवणाऱ्यांत बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह आधीची. राजेश राव यांनी ती १९९७ मध्ये सुरू केली आणि २०१९ मध्ये रॉकस्टार या बड्या गेम कंपनीने ती घेतली. पुण्यात यूबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला. सुमोचा स्टुडिओ इथे आहे, गुरुग्रामच्या लक्ष्य डिजिटलचाही आहे. यातलं बहुतेक काम बाहेर ठरलेल्या मोठ्या गेमांच्या भागांचं असतं. कुणाला मॉडेल्स, कुणाला टेस्टिंग, कुणाला जुन्या गेमचं नव्या कन्सोलवर पोर्टिंग.

"हे तर नुसतं आउटसोर्सिंग" असं म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला ते अजिबात मान्य नाही. हात इथेच तयार होतो. जगातल्या सर्वांत कडक आर्ट डायरेक्टरकडून रोज शेरे येतात आणि दोन-तीन वर्षांत डोळा बदलतो. पण यात एक उणीव आहे आणि तीही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. गेम खेळायला मजा येतेय का, कुठला भाग काढून टाकायचा, दिशा कधी बदलायची, हे निर्णय इथे फार क्वचित होतात. वर्षानुवर्षं उत्तम दारं बनवूनही घर कसं बांधतात हे न कळलेली माणसं मी पाहिली आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'च्या रीमेकची सूत्रं यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मे २०२२ मध्ये ते काम कंपनीच्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं, ते फार लागलं.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं. नोकरी भागांची करा, मन लावून करा, पण सोबत एक छोटासा गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः पुरा करा. दहा मिनिटांचा असला तरी चालेल. पुरा करा आणि लोकांच्या हातात द्या.

रानमेवा
शनिवार, रात्री १०.४०

वाचते आहे. दाराचं वाचून थक्क झाले. आता मुलगा खेळत असताना मागून भिंतीच बघत बसेन.

बग_पकडणारा
शनिवार, रात्री ११.०५

मृगजळताई, फार छान मांडलंत. मी टेस्टिंगबद्दल लिहितो, कारण आमच्या लातूर-उस्मानाबादकडच्या मुलांना या क्षेत्राचं पहिलं दार तेच दिसतं. "गेम खेळायचे पैसे मिळतात" हे ऐकून मुलं येतात, आणि त्यातली निम्मी वर्षभरात निघून जातात.

क्यूएमध्ये, म्हणजे टेस्टिंगमध्ये, तुम्ही गेम खेळत नाही, तपासता. आज तुमच्याकडे लेव्हल चार आली, तर लेव्हल चारमधल्या प्रत्येक भिंतीला पात्र घासत न्यायचं, प्रत्येक कोपऱ्यात उडी मारायची, कुठे आरपार जातंय का बघायचं. उद्या नवा बिल्ड (गेमची सुधारलेली आवृत्ती) आला की पुन्हा तेच. सेव्ह होत असताना कंट्रोलर काढायचा. नेट तोडायचं. कन्सोल रात्रभर चालू ठेवायचा आणि सकाळी मेमरी किती फुगली ते पाहायचं. सोनीचे टीआरसी, मायक्रोसॉफ्टचे एक्सआर आणि निन्टेन्डोचा लॉटचेक ही प्रत्येक कन्सोलवाल्याची नियमांची परीक्षा असते, त्यात गेम नापास झाला तर रिलीजची तारीख हलते. कंट्रोलर निघाल्यावर गेम थांबून नीट संदेश आला नाही, एवढ्यावरही सबमिशन परत येऊ शकतं.

आणि खरं कौशल्य आहे लिहिण्याचं. बग सापडणं हा अर्धा भाग. तो दुसऱ्या देशातल्या, तुम्हाला कधीही न भेटलेल्या प्रोग्रामरला हमखास पुन्हा दिसेल असा लिहायचा, हा उरलेला. कुठून सुरुवात केली, कोणती पावलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा झालं. "गेम हँग होतो" असं लिहिलेला बग परत येतो. "नकाशा उघडा असताना संवाद सुरू झाला तर दोन्ही बटणं बंद पडतात, १० पैकी १०" असं लिहिलेला बग दुपारपर्यंत दुरुस्त होतो. मी मराठी माध्यमातला. सुरुवातीला इंग्रजीची भीती होती, पण इथे लागतं ते साधं, अचूक इंग्रजी. ते येतं सरावाने.

आता तक्रार. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे एका मोठ्या गेमवर आम्ही अख्खी टीम दीड वर्ष बसलो होतो. गेम बाहेर आला, शेवटची नावं सरकायला लागली, आणि आमच्या जागी फक्त कंपनीचं नाव. एकाही टेस्टरचं नाही. एनडीएमुळे (गुप्ततेच्या करारामुळे) तो गेम बायोडेटात लिहायचा की नाही याचीही खात्री नव्हती. घरी आईला दाखवायला काही नव्हतं. गेम डेव्हलपरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयजीडीएने, नावं कशी द्यावीत याचे नियम लिहून ठेवलेत, पण ते पाळण्याची सक्ती कुणावर नाही. मुलाखतीत मी आता हा प्रश्न विचारतोच: क्रेडिट्समध्ये नाव येतं का, आणि मधेच नोकरी सोडली तर येतं का. सगळ्यांनी विचारायला लागा. एकट्याने विचारलं तर विचित्र वाटतं, सगळ्यांनी विचारलं तर धोरण बदलावं लागतं.

मृगजळ
शनिवार, रात्री ११.२०

तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन. आर्टमध्येही हेच होतं.

सांगलीकर_बाबा
रविवार, सकाळी ८.३०

नमस्कार. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. चित्रकला उत्तम, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड. तिला हेच करायचं आहे असं ती गेली काही वर्षं सांगते. आम्ही इंजिनिअरिंग म्हणतो. माझे प्रश्न सरळ आहेत. १) डिग्री कोणती? २) पगार? ३) पुण्यात एक संस्था वार्षिक काही लाख फी सांगते आणि "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणते, त्यावर विश्वास ठेवावा का? ४) मुलींना हे क्षेत्र कसं आहे?

मृगजळ
रविवार, सकाळी १०.१५

काका, एकेक घेते.

डिग्री: आर्टसाठी कुणी डिग्री बघत नाही, पोर्टफोलिओ बघतात. पण डिग्री असावीच, कारण परदेशी जायचं झालं तर व्हिसाला लागते, आणि क्षेत्र बदलावंसं वाटलं तर दार उघडं राहतं. प्रोग्रामिंगची ओढ असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग खुशाल करू द्या, त्यातलं लिनिअर अल्जिब्रा आणि सी प्लस प्लस इथे रोज लागतं. डिझाइनकडे ओढा असेल तर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तो कुठल्याही पदवीनंतर बघता येईल. आणि चित्र येतं व गणिताची भीतीही नाही, अशी मुलं टेक्निकल आर्टिस्ट होतात. शेडर (पृष्ठभाग पडद्यावर कसा दिसेल ते ठरवणारा कोड) लिहिणं, कलाकारांसाठी टूल्स बनवणं, आर्ट आणि कोड यांच्या मधला पूल सांभाळणं हे त्यांचं काम. या माणसांना कायम मागणी असते आणि ती पुरेशी मिळत नाहीत. तुमच्या लेकीला हा शब्द नक्की सांगा.

पगार: सुरुवातीला आयटीतल्या फ्रेशरइतका किंवा थोडा कमीच. चार-पाच वर्षांनी चांगला हात असेल तर फरक भरून निघतो, पण उत्तम प्रॉडक्ट कंपनीतल्या इंजिनिअरशी तुलना करू नका.

संस्था: शंभर टक्के प्लेसमेंट कुणीच देऊ शकत नाही. त्यांच्याकडून मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ मागा. प्लेसमेंटची यादी नको, कामं मागा. ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, अनरीअल आणि गोडो ही इंजिनं शिकायला फुकट आहेत. फी भरण्याआधी सहा महिने मुलीला घरीच करू दे. एकच गोष्ट करून बघायला सांगा: तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा, फोटो काढून, मापं घेऊन, इंजिनमध्ये उभा करायचा. माझ्याकडे पोर्टफोलिओ येतात त्यांत ओकच्या लाकडाची दारं आणि युरोपातले विटांचे बोळ ढिगाने असतात, कारण ट्यूटोरियल्स तीच शिकवतात. सागवानी दरवाजा, त्यावरचे खिळे, उंबऱ्याचा घासलेला दगड, काळ्या पाषाणावरचं शेवाळ हे नीट निरखून कुणी केलं तर मी त्या पानावर थांबते. निरीक्षण शिकवता येत नाही, आणि तिच्याकडे ते आहे असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

मुलींना: संख्या अजून कमी आहे, आर्टमध्ये बरी, प्रोग्रामिंगमध्ये फारच कमी. माझ्या आत्ताच्या टीममध्ये मला काही त्रास नाही. उशिरापर्यंत थांबावं लागलं तर कॅब, आणि तक्रार समिती नावापुरती आहे की खरी, या दोन गोष्टी आधी तिथे काम करणाऱ्या मुलींना विचारून घ्याव्यात.

आजोळ
रविवार, दुपारी १२.५०

धागा वाचला. माहिती चांगली आहे, पण मला बोलायचंच आहे. माझ्या भाच्याने वडिलांच्या कार्डावरून गेममध्ये पैसे घालवले, दहावीचं वर्ष वाया गेलं. तुम्ही दाराच्या कलाकुसरीचं सांगता, पण त्या दारामागे पोरांना अडकवायचा उद्योगच आहे ना? सरकारने आता बंदी घातली ते उत्तम केलं.

मुंबई_डिझायनर
रविवार, दुपारी ३.३०

आजोळ, तुमच्या घरी झालं ते वाईट झालं, आणि तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी मोबाइल गेमांवर काम करतो, म्हणजे तुम्ही ज्याबद्दल बोलताय त्याच भागात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. रमी, पोकर, फँटसी लीगच्या पैशांच्या स्पर्धा. ई-स्पोर्ट्स आणि साधे ऑनलाइन खेळ त्यात वेगळे धरलेत. त्याआधी १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या खेळांवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होताच. मृगजळताई बनवतात ते गेम या बंदीच्या कक्षेत नाहीत. पण आमच्या क्षेत्रावर परिणाम झालाच, कारण त्या कंपन्यांमध्ये खूप इंजिनिअर आणि डिझायनर होते आणि एकाच महिन्यात ते सगळे नोकऱ्या शोधायला बाहेर आले. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. मला व्यक्तिशः ती माणसं जुगाराऐवजी गेमांकडे आली तर आनंदच आहे.

आता फुकटच्या गेमांचं. भारतात बहुतेक लोक फोनवर खेळतात आणि आधी पैसे देऊन गेम घेत नाहीत. मग पैसा येतो जाहिरातींतून आणि गेमच्या आत होणाऱ्या खरेदीतून. आमच्या सकाळच्या मीटिंगमध्ये फलकावर आकडे असतात: पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी किती परतले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. या आकड्यांवर गेम जगतो किंवा बंद होतो. आकडे वाढवायचे चांगले मार्ग आहेत: गेम अधिक रंजक करणं, पहिली पाच मिनिटं सोपी करणं. आणि वाईटही आहेत: रोज न आल्यास शिक्षा, खोटी घाई लावणारी घड्याळं, आत काय आहे ते न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्या. या पेट्यांना लूट बॉक्स म्हणतात. बेल्जियमने २०१८ मध्येच त्या जुगारात धरल्या. आपल्याकडे त्यावर अजून पुरेशी चर्चाही नाही, आणि ती व्हायला हवी.

माझ्या एका जुन्या कंपनीत लहान मुलांच्या गेममध्ये अशी पेटी घालायची सूचना आली तेव्हा आम्ही तिघांनी लेखी विरोध केला. ती मागे घेतली गेली. प्रत्येक वेळी तसं होत नाही. पण विरोध करायला आत कुणीतरी हवं, आणि ते "मी तर फक्त बटणाचा रंग ठरवतो" असं न म्हणणारं हवं. म्हणून मला वाटतं, चांगल्या घरातल्या विचारी मुलामुलींनी या क्षेत्राकडे पाठ फिरवू नये.

आणि भाच्याच्या फोनवर खरेदीसाठी पासवर्ड लावा, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. आजच करा.

आजोळ
रविवार, संध्याकाळी ५.१०

इतकं सविस्तर उत्तर दिल्याबद्दल आभार. पासवर्ड लावला. लूट बॉक्सबद्दल वेगळा धागा काढाच, पालकांना हे ठाऊक नसतं.

हिमवर्षा
रविवार, रात्री ९.४५ (इथे सकाळ)

मॉन्ट्रियलहून लिहिते आहे, मूळची डोंबिवलीची. गेमप्ले प्रोग्रामर. परदेशाबद्दल दोन शब्द, कारण बऱ्याच मुलांना वाटतं की पुणे ही पायरी आणि कॅनडा हा मुक्काम.

मॉन्ट्रियल गेमचं शहर झालं ते आपोआप नाही. यूबीसॉफ्टने १९९७ मध्ये इथे स्टुडिओ काढला तेव्हापासून क्वेबेक सरकारने गेम बनवणाऱ्यांच्या पगारावर कर-सवलत दिली, ती ३७.५ टक्क्यांपर्यंत जायची. अनेक वर्षं, सरकारं बदलली तरी ती टिकली. त्यामुळे आज इथे एका स्टुडिओतली नोकरी गेली तर दुसरा चालत जाण्याच्या अंतरावर असतो. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंगचं जे धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंतचं, ३,२६८ कोटींचं, ते वाचून मला आशा वाटली. मुंबईत आयआयसीटी ही या क्षेत्राची राष्ट्रीय संस्था सुरू झाली आहे. पण माझं मन सांगतं की इमारतींपेक्षा पगारावरची सवलत आणि छोट्या स्टुडिओंना पहिल्या गेमसाठीचा पैसा यातून जास्त घडेल.

आता दुसरी बाजू. गेली काही वर्षं इथे वाईट आहेत. महामारीत लोक घरी बसले, गेम खपले, व्याजदर शून्याजवळ, कंपन्यांनी वारेमाप भरती केली. मग लोक बाहेर पडले, पैसा महागला, आणि एकेक मोठा गेम पाच-सहा वर्षं आणि अफाट खर्च खाऊ लागला. जानेवारी २०२४ या एका महिन्यात गेम इंजिन बनवणाऱ्या युनिटीने १,८०० आणि मायक्रोसॉफ्टने गेम विभागातून १,९०० माणसं कमी केली. मायक्रोसॉफ्टने त्याआधी तीनच महिने ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी घेण्याचा ६८.७ अब्ज डॉलरचा व्यवहार पुरा केला होता. 'हाय-फाय रश'सारखा सर्वांना आवडलेला गेम बनवणारा टँगो स्टुडिओही मे २०२४ मध्ये बंद करायचं जाहीर झालं. चांगलं काम केलं म्हणून नोकरी टिकेल ही खात्री उरली नाही. वर्क परमिटवर असलेल्या माणसाला याचा अर्थ काय होतो ते इथल्या आपल्या मंडळींना विचारा.

यातून एक चांगली गोष्ट झाली, लोक संघटित होऊ लागले. मे २०२२ मध्ये अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअरच्या टेस्टरनी १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. बग_पकडणारा, पहिलं पाऊल तुमच्याच विभागाने टाकलं हे मुद्दाम सांगते. आवाज देणाऱ्या कलाकारांचा संप जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर चालला, त्यात मुख्य मुद्दा एआयने त्यांचा आवाज वापरण्याचा होता.

क्रंचबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. रिलीजच्या आधी महिनोन्महिने रात्री-रविवार काम. २००४ मध्ये ईए या अमेरिकन गेम कंपनीतल्या एका प्रोग्रामरच्या होणाऱ्या पत्नीने निनावी ब्लॉग लिहून हे जगापुढे आणलं. खटले झाले, कंपनीने कलाकारांना १.५६ कोटी डॉलर आणि प्रोग्रामरना १.४९ कोटी डॉलर देऊन ते मिटवले. त्यानंतरही 'सायबरपंक २०७७'साठी २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा लावला गेला, आणि तरी गेम इतका कच्चा निघाला की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. दमलेली माणसं बग जास्त करतात, हे मी रोजच्या कोडमध्ये बघते. क्रंचने गेम वाचतो यावर माझा विश्वास नाही.

बग_पकडणारा
रविवार, रात्री १०.२०

हिमवर्षाताई, रेव्हनचं माहीत होतं, आकडा माहीत नव्हता. आमच्या ग्रुपवर टाकतोय.

पुण्यातलं क्रंच वेगळ्या प्रकारचं आहे हे इथे नोंदवतो. तिकडचा बिल्ड त्यांच्या दुपारी येतो, म्हणजे आपल्या रात्री. कुणी "थांबा" म्हणत नाही, पण काम रात्रीच येतं. त्याला ओव्हरटाइम म्हणतच नाहीत, तर मोजणार कोण? शिफ्ट ठरलेली हवी आणि रात्रीचा भत्ता लेखी हवा, ऑफर लेटरमध्ये.

नाशिक_इंडी
सोमवार, सकाळी ७.४०

मृगजळताईंच्या "एक गेम पुरा करा" या वाक्यासाठी मी लॉगिन केलं. आम्ही नाशकात दोघं जण गेम बनवतो. मी कोड, मित्र चित्रं. आवाज त्याच्या बहिणीचा.

पुरा करणं हेच कौशल्य आहे. कल्पना सगळ्यांकडे असतात. आम्ही गेम जॅमपासून सुरुवात केली. ग्लोबल गेम जॅम दरवर्षी जानेवारीत होतो, ४८ तासांत गेम बनवायचा. त्यात कळतं की मेनू, थांबवा, आवाज कमी-जास्त, सेव्ह, हरल्यावर पुन्हा सुरू होणं, या रटाळ गोष्टींनाच निम्मा वेळ जातो. पुढच्या कामात तेच उपयोगी पडतं.

पैशांचं गणित असं. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानात, गेम टाकायला १०० डॉलर, आणि विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा त्यांचा. २०२४ मध्ये तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले. म्हणजे रोज पन्नासेक. त्या गर्दीत तुमचा गेम दिसावा यासाठी महिनोन्महिने आधी पान उघडायचं, विशलिस्ट (घ्यायची इच्छा नोंदवणारे लोक) जमवायच्या, नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-महोत्सवात डेमो द्यायचा. दोन तासांपेक्षा कमी खेळून १४ दिवसांत ग्राहक पैसे परत मागू शकतो, त्यामुळे तासाभराचा गेम करणाऱ्याच्या पोटात कायम गोळा असतो. मी सकाळी फ्रीलान्स वेबसाइटी करतो आणि दुपारनंतर गेम. लग्न झालेल्या माणसाने घरी स्पष्ट बोलूनच यात पडावं.

पण पुण्याच्याच नॉडिंग हेड्सचं 'राजी' डोळ्यांसमोर आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्यांना पैसे मिळाले नाहीत. संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकला. २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमांत त्याला नामांकन होतं. राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. मी तो पहिल्यांदा सुरू केला तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेममधलं जग ओळखीचं वाटलं.

आम्ही आमचा गेम मराठीतही करतोय, आणि तिथे एक अडचण आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा. जुन्या प्रोजेक्टमध्ये युनिटीचं टेक्स्टमेशप्रो हे अक्षरं दाखवणारं टूल वापरलं होतं. त्यात "किल्ला" लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी क च्या नंतर पडते आणि "ल्ला" तुटून पाय मोडलेला ल वेगळा दिसतो. सगळी वाक्यं चित्रं म्हणून टाकायची का?

हिमवर्षा
सोमवार, संध्याकाळी ७.००

चित्रं करू नका, पुढे एक शब्द बदलायचा झाला तरी रडाल. देवनागरीत अक्षरं एकामागे एक ठेवून चालत नाही, त्यांचा क्रम आणि आकार संदर्भाने बदलतो. त्याला शेपिंग म्हणतात. टेक्स्टमेशप्रो ते करत नाही. हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते. गोडो ४ मध्ये ती आतच आहे, अनरीअलमध्येही आहे. तुमचा गेम छोटा असेल आणि अजून फार पुढे गेला नसेल तर गोडोकडे जाण्याचा विचार करा, परवाना एमआयटी, म्हणजे मुक्त, आहे, उद्या कुणी अटी बदलल्या ही भीती नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे लावायची घोषणा केली तेव्हा इथे छोट्या टीमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वर्षभराने ती मागे घेतली, पण विश्वास गेला तो गेलाच.

फॉन्टसाठी मुंबईच्या एकटाइपचा 'मुक्ता' बघा, मुक्त परवान्याचा आहे आणि छोट्या आकारात वाचता येतो. आणि संवादाच्या चौकटींना वर-खाली जास्त जागा ठेवा. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत आपले उकार आणि रफार कापले जातात.

चैत्रपालवी
सोमवार, रात्री ८.१५

नाशिक_इंडी, मी मुद्रितशोधन करते. मराठी संवाद तपासून द्यायला मला आवडेल, मोबदला नको. फक्त पात्रं कुठली आहेत, वयं काय, एकमेकांना अरे-तुरे करतात की अहो-जाहो, हे आधी कळवा. गेममध्ये आजीसुद्धा टीव्हीवरच्या बातमीसारखी बोलते, ते मला खटकतं.

नाशिक_इंडी
सोमवार, रात्री ९.०५

मन भरून आलं. दोघींचेही आभार. गोडोत एक पान करून बघितलं, "किल्ला" अगदी बरोबर आला. चैत्रपालवीताई, संवाद विपूत पाठवतो. पात्रं सगळी सिन्नरकडची आहेत. आणि मोबदला नको म्हणालात तरी क्रेडिट्समध्ये नाव येणार, ते कसं लिहायचं ते सांगा.

सांगलीकर_बाबा
मंगळवार, रात्री ९.३०

सर्वांचे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. "टेक्निकल आर्टिस्ट" म्हणजे काय ते तिनेच मला उलट समजावून सांगितलं. इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा, आणि सहा महिने ब्लेंडर घरी करून बघायचं, इतपत आमचं दोघांचं जमलं आहे. काल आम्ही मिरजेला माझ्या मामांच्या वाड्यावर जाऊन दरवाज्याची मापं घेतली. तिचा प्रश्न: घरच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅम आहे. चालेल का? की नवा घ्यावा लागेल?

मृगजळ
मंगळवार, रात्री १०.१०

ब्लेंडरमध्ये मॉडेलिंग आणि यूव्हीला आत्ता तोच चालेल, काका. हाय पॉलीला आणि अनरीअलला तो अडखळेल. बारावीची परीक्षा होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. नंतर घ्यायचाच झाला तर डेस्कटॉप घ्या, त्याच पैशांत जास्त ताकद मिळते आणि पुढे रॅम वाढवता येते. १६ जीबीच्या खाली जाऊ नका, ३२ झाली तर उत्तम, आणि ग्राफिक्स कार्ड किमान ८ जीबी मेमरीचं.

तिला सांगा, मापांबरोबर दरवाज्याचे फोटो ढगाळ दिवशी काढ. कडक उन्हात काढले तर सावल्या टेक्स्चरमध्ये पक्क्या बसतात, मग इंजिनमध्ये उजेड कुठूनही आला तरी त्या हलत नाहीत. खिळ्यांचा आणि कडीचा जवळून वेगळा फोटो हवा. पहिला ब्लॉकआउट झाला की इथेच टाकायला सांगा, मी बघते.